कपिलधारच्या वाटेवरच्या भिंती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिवाळीच्या सुट्टीत केलेले भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून बाकीचे तसेच ठेवले आहे.)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय दिलाय 'भिंतीवरची चित्रं आणि आपला परिसर'. हा विषय कुठून आला ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण सगळ्यांनी मिळून शाळेसाठी निधी जमवला आणि त्यातून रस्त्याच्या बाजूची संरक्षक भिंत रंगवून द्यायची ठरलं. एकशे चाळीस फूट लांब, सहा फूट उंच. समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, छापील चित्रांचे पत्रे आणून ठोकायचे, आठ दिवसांत काम तयार. दुसरा, शहरातली मुलं बोलवायची, ती स्प्रेने मोठे चेहरे काढतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या आत भिंत तयार हवी, कारण कपिलधारच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्या याच रस्त्यानं जातात. मी धंद्यानं पेंटर. बारा-पंधरा वर्षं भिंती रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवला, आता शाळाशाळांतून चित्रकलेचे तास घेतो आणि 'बोलक्या भिंती'ची कामं करतो. त्यामुळे समितीतल्या मित्रांना वाटलं, हा बोलेल आणि दोनपैकी एका प्रस्तावाला हात वर करेल. मी तिसरंच काही सांगणार आहे, ते थोडं ऐकून घ्या.

आधी मातीचं बोलतो. आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत गावाच्या जमिनीचे रंग दोनच. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, जुनी घरं खचली आणि त्यांच्यावर नवी उभी राहिली, तिथली माती पांढरट होत जाते. आपली माळवदाची घरं याच मातीची. बाळदं असलेल्या जाड भिंती, वर लाकडी किलचण आणि त्यावर मातीचा थर. गावात पडकी गढी असली की बायका तिथून पांढरी माती खणून आणायच्या. रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं पोतारा घ्यायचा. उन्हात वाळली की भिंत अशी उजळायची की बाजूच्या घरात उजेड पडावा. खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा, आणि पांढरं नि तांबडं जिथं भेटतं तिथं एक रेघ. ती रेघ सरळ नसायची, आणि सरळ नसायची म्हणूनच मला ती फार आवडते. पुढे मी हजारो फूट सूत मारून सरळ रेघा ओढल्या, पण त्या रेघेसारखी एकही नाही.

म्हणजे बघा, काळीतून भाकर आणि पांढरीतून भिंत. चित्र काढायला लागणारा सगळा माल गावातच. पांढरी माती, चुना, गेरू, पिवडी, चुलीची काजळी, धुण्याची नीळ. हिरवा हवा असेल तर पिवडीत नीळ. चिकटपणाला बाभळीचा डिंक. कुंचा घायपाताचा किंवा अंबाडीचा, बारीक कामाला काडीला कापूस गुंडाळलेला. नागपंचमीला आई भिंतीवर गेरूचा चौकोन सारवायची आणि त्यात चुन्यानं नाग काढायची. एक मोठा, त्याच्या अंगाला अंग लावून लहान. त्यांच्या शेजारी सूर्य, चंद्र, आणि दरवर्षी काहीतरी एक नवं. एका वर्षी तिनं एस. टी. काढली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, यंदा गावात आली की! त्या वर्षी आपल्या गावाला मुक्कामी गाडी सुरू झाली होती. चित्रकलेच्या पुस्तकात 'लोककला ही परंपरेनं ठरलेले आकार पुन्हापुन्हा काढते' असं वाचलं की मला ती नागांच्या शेजारची एस. टी. आठवते.

आता थोडं लांब जाऊ. मराठवाड्यात भिंतीवरच्या चित्रांचा विषय निघाला की सगळे अजिंठ्याचं नाव घेतात आणि हात जोडून पुढे जातात. मी विद्यार्थ्यांना अजिंठा दाखवायला नेतो तेव्हा आधी चित्रं दाखवत नाही, जिथं चित्र गळून पडलंय ती जागा दाखवतो. तिथं आतला गिलावा दिसतो. मातीत भाताचं तूस, गवताचे तंतू कालवलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. रंग तरी कोणते? गेरू, पिवडी, काजळी, चुना, हिरवी माती. एक निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. बाकी सगळी आपल्या आईच्या घमेल्यातली सामग्री. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. हसू नका, तंतू म्हणतोय मी. कीड लागू नये, गिलावा धरून राहावा म्हणून ते घालत असावेत, असं अभ्यासकांनी मांडलंय.

आणि वेरूळचं कैलास लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, हे आपण पाठ केलंय. पण जुन्या काळी आसपासचे लोक त्या लेण्याला 'रंगमहाल' म्हणत. अख्ख्या देवळाला बाहेरून चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर रंग होते. आज तुम्ही काळा दगड पाहून 'अहाहा' करता, तो उघडा पडलेला दगड आहे. अजून काही कोपऱ्यांत पांढऱ्या गिलाव्याचे नि रंगाचे तुकडे टिकून आहेत. म्हणजे उघड्यावर, उन्हापावसात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं लांबून बघावं असं रंगवलेलं बांधकाम आपल्या भागाला बाराशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. 'वॉल आर्ट' हा प्रकार आपल्याकडे मुंबई-पुण्याहून यायची गरज नव्हती.

अजिंठ्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण ती आपल्या भिंतीच्या कामाची आहे. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि अजिंठाही. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन जाणकार आणले, चेकोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, ते मोठंच काम झालं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वॉर्निश चढवलं. चित्रं चमकली. पुढं ते वॉर्निश पिवळं पडलं, तडकलं आणि स्वतःबरोबर रंगाचे पापुद्रे ओढायला लागलं. ते काढता काढता पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. मातीला आणि चुन्याला श्वास घ्यावा लागतो. वरून झाकण घातलं की आतली ओल बाहेर पडायला जागा शोधते आणि चित्र फोडून बाहेर येते. समितीतल्या ज्या मित्रानं 'वरून क्लिअर कोट मारू, वीस वर्षं बघायला नको' असं म्हटलंय, त्याच्यासाठी हे सांगितलं.

माझ्या धंद्याचं सांगतो. आमची शाळा म्हणजे गावाच्या वेशीवरची भिंत. तुम्हाला आठवतच असेल, आपण अक्षरं निम्मी पुस्तकात शिकलो आणि निम्मी भिंतीवर. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. देवीचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा. मग साक्षरता अभियान आलं, मग २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. त्या वर्षी तर गावागावांत चुना मिळेना. सरकारची घोषणा, खताची जाहिरात, बिडीची जाहिरात, आणि लग्नघर. लग्नघराचं काम मला सगळ्यांत आवडायचं. दारावर गणपती, एका अंगाला कलश, दुसऱ्या अंगाला केळीचा खांब, दोन बाजूंना भालदार-चोपदार. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही अक्षरं मी डोळे मिटून काढतो. पुढं ती पोरं आपापल्या पोरांना भिंत दाखवायची, ही आमच्या लग्नाची. तीन पावसाळे तरी नाव पुसत नसे. आता लग्नाचा फ्लेक्स लागतो तो हळदीच्या दिवशी, आणि सत्यनारायण झाला की गोठ्यावर झाकायला जातो.

यात्रेच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी. मांजरसुंब्यापासून कपिलधारच्या उतारापर्यंत पाणपोयांचे फलक, दिंड्यांच्या स्वागताच्या कमानी, मठांच्या भिंती. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला नांदेड, लातूर, परभणी, धाराशिव, सोलापूर आणि पार कर्नाटकातून माणसं पायी येतात. त्यातल्या पुष्कळांची घरातली भाषा कन्नड, आणि येऊन ऐकतात ते मन्मथस्वामींचं मराठी 'परमरहस्य'. त्या पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या बाया मी रंगवत असताना थांबायच्या. एकीनं मला शंकराच्या जटेतली गंगा काढताना पाहिलं आणि म्हणाली, पाणी असं सांडत नसतं बाबा, खाली जाऊन धार बघ आधी. मी गेलो. कार्तिकातली धार श्रावणासारखी धो धो नसते, ती कड्याला चिकटून, शेवाळावरून घसरत, मधेच तुटत येते. दहावीपर्यंत दर श्रावणात आपण सहलीला तिथं जात होतो, आणि पाणी कसं पडतं ते मला त्या बाईनं बघायला लावलं.

आता 'बोलक्या भिंती'. आपल्यात शिक्षक झालेले सात-आठ जण आहेत, त्यांनी रागावू नये. आज जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या आवारात जा. निम्म्या भिंतींवर वारली चित्रं आहेत. त्रिकोणाची माणसं, गोल धरून नाच, मधे तारपा वाजवणारा. मीच कितीतरी काढली आहेत, मागणीच तशी असते. पण आपल्या जिल्ह्यात तारपा कोण वाजवतं? वारली चित्र हे पालघर-डहाणूकडच्या घरांच्या भिंतीवरचं. लग्नात देवचौक लिहायचा, त्यात पालघट देवीची स्थापना, तो लिहायच्या सवाशिणी आणि त्याच्यासोबत गाणं म्हणायची धवलेरी. तांदळाचं पीठ आणि बांबूची चघळलेली काडी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी तिकडं कागद नेला, जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर जे केलं ते जगभर गेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फार मोठा चित्रकार. पण एक लक्षात ठेवा. भिंतीवर होतं तोवर ते काम प्रामुख्यानं बायकांचं होतं, आणि कागदावर आल्यावर नावं मुख्यतः पुरुषांची झाली. आता ते चित्र स्टेन्सिलनं बीडच्या शाळेवर येतं तेव्हा त्यात ना ती सवाशीण राहते, ना तो चौक, ना मशे. फक्त 'लोककला' असा शिक्का राहतो. आणि त्याच शाळेसमोरच्या घरात नागांच्या शेजारी एस. टी. काढणारी बाई सिमेंटच्या भिंतीकडे बघत बसलेली असते.

सिमेंटचं म्हणताना माझा सूर तक्रारीचा नाही. घरकुल मिळालं, पावसात माळवद गळायचं थांबलं, भिंतीतून विंचू निघायचा थांबला. ज्यांनी त्या घरांत रात्री काढल्या त्यांना मातीच्या भिंतीचं कौतुक सांगू नये. पण सिमेंटवर पांढरी माती धरत नाही, पोपडे येतात. बायकांनी दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. त्यांना कोणी सांगितलं नाही की सिमेंटला आधी चुन्याचा हात देऊन वर काम करता येतं.

आता मला आपल्या वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव मी इथं घेत नाही, तिला विचारलेलं नाही. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची. इंटरमिजिएट परीक्षेला माझी ए ग्रेड आली ती मी आजही सांगतो, पण तिच्या वहीतले बैल माझ्यापेक्षा चांगले होते हे सरांनाही ठाऊक आहे आणि मलाही. बैल उठताना आधी मागचे पाय उचलतो, हे तिच्या चित्रात होतं. आम्ही सगळे बसलेला किंवा उभा बैल काढायचो. ती आठवीत दिवाळीनंतर आलीच नाही. घरच्यांबरोबर कारखान्याला गेली, ऊस तोडायला. पुढं लग्न झालं, तिचा स्वतःचा कोयता झाला. आज पस्तीस-छत्तीस वर्षं तेच. मुकादमाची उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला ट्रकमध्ये बसायचं, गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. तिकडं राहायला कोपी. चटईची आणि पाचटाची. कोपीला भिंत नसते.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास एका वाडीत शाळेचं काम करत होतो. जेवायला ज्या घरी गेलो त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर चुन्यानं बैलांची ओळ काढलेली होती. एक बैल उठत होता, मागचे पाय आधी. मी ताटावरून उठून आत हाक मारली. तिनं मला ओळखलं नाही, मी ओळख सांगितल्यावर पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "अय्या, पेंटर झाला का तू? मला वाटलं तू मास्तर होशील." मी विचारलं, पोळ्यालाच का काढतेस? तर म्हणाली, पूर्वी बाया दिवाळीला भिंती करायच्या, आता दिवाळीला घरात असतं कोण? म्हणून तिनं सगळं पोळ्यावर आणलं. पाऊस चालू असतो, चित्र महिना-दीड महिना टिकतं. ते पुसायच्या आत ती गेलेली असते.

स्नेहमेळाव्याची यादी करताना आपण दहावीच्या निकालाचा कागद समोर ठेवला. त्या कागदावर ती नाही. आठवीत आपण बासष्ट होतो, दहावीच्या कागदावर एकेचाळीस. मी समितीशी याबद्दल बोललो आहे आणि यादी दुरुस्त करायला समितीनं मान्यता दिली आहे, त्याबद्दल आभार. मात्र एकवीसपैकी ज्या अकरा जणांचा पत्ता लागला, त्यातले आठ आज ऊसतोडीला गेलेले आहेत. हा मेळावाच आपण अशा दिवसांत ठेवलाय की नोकरीवाले सुट्टीवर येतात आणि कोयतेवाले बाहेर असतात.

२०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झालं तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपलं नाव होतं. ते काही बक्षीस नव्हतं. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यांत कमी. त्या घोषणा मी खूप भिंतींवर लिहिल्या. सोबत द्यायचं चित्र ठरलेलं, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, गाल गुलाबी. मी ती मुलगी इतक्या वेळा काढली की तिचा चेहरा मला झोपेत येतो. तो चेहरा आपल्याकडच्या कोणाचाच नाही.

आता सरांकडे येतो. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय. मित्रांनो, शाळेच्या जुन्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर सरांनी काढलेला महाराष्ट्राचा नकाशा आहे. दुसऱ्या प्रस्तावात तो खरवडून तिथं देणगीदारांच्या नावांचा फलक लावायचं म्हटलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी तो नकाशा जवळून बघितलेला नसावा. काल मी तासभर बघितला. सरांनी तो काढला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. औरंगाबादच्या पोटात जालना आणि उस्मानाबादच्या पोटात लातूर. १९८१ ला जालना वेगळा झाला, १९८२ ला लातूर. सरांनी नकाशा पुसला नाही, नव्या सीमा तुटक रेघेनं वरून काढल्या. सिंधुदुर्ग, गडचिरोली तशाच. १९९९ ला परभणीतून हिंगोली निघाला तेव्हा सर निवृत्तीला आले होते, तरी शिडी लावून ती रेघ त्यांनी काढली. प्रत्येक रेघेचा रंग थोडा वेगळा आहे, कारण दर वेळी हाताशी असेल ती पिवडी आणि असेल ती नीळ. त्या भिंतीवर आपल्या राज्याचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो शाळेतल्या एका माणसानं, पगाराबाहेर, स्वतःच्या हातानं लिहिलाय. हो, आणि अंबाजोगाईभोवती एक खडूची रेघ आहे, ती सरांची नाही. तिथून येणाऱ्या आपल्या मित्रांनी अंबाजोगाई जिल्हा परस्पर जाहीर केला होता. सरांनी ती पुसली नाही. म्हणाले होते, मागणी आहे, राहू द्या.

त्या भिंतीला हात लावायचा नाही, एवढं मला आजच्या सभेत नक्की करून हवंय. खालच्या दोन फुटांत ओल आलीय. तिथला सिमेंटचा थर कोणीतरी मधे मारलेला आहे, तो काढून चुन्याचा गिलावा द्यावा लागेल. पन्हाळीचं पाणी भिंतीवर पडतं, ते वळवावं लागेल. नावांचा फलक दुसरीकडं बसतो, मी जागा बघितली आहे.

राहिली रस्त्याकडची भिंत. माझा प्रस्ताव असा आहे. शांतिनिकेतनात हिंदी भवनाच्या भिंतींवर बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं मोठं चित्र केलं. त्यात कबीर, सूरदास, तुलसीदास आहेत, पण ते माणसांच्या गर्दीत आहेत, कामकरी, वाटसरू, बायकामुलं यांच्यात. एकट्याचा मोठा चेहरा नाही. ओल्या चुन्यावरचं काम, आणि करणाऱ्याची नजर जन्मापासून अधू. आपल्या रस्त्यावरून दरवर्षी असाच जथा जातो. एकशे चाळीस फूट भिंतीवर एकशे चाळीस फूट दिंडी मावते. पताका, पाण्याची घागर, पायातले फाटके बूट, सीताफळांच्या टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बायका, आणि शेवटी धार, श्रावणातली नव्हे, कार्तिकातली. त्या दिंडीच्या समोरून, उलट दिशेला, ऊसतोडीचा ट्रक जातो. या दिवसांत दोन्ही एकाच रस्त्यावर असतात, आपण बघितलंय. मी आराखडा करून देईन, चौकोन टाकून मोठं करून देईन. पण हात त्या बायकांचा हवा, आणि त्यांना रोज द्यायचा, पेंटरचा असतो तोच. बैलांची जागा मी मोकळी सोडणार आहे, ते कोणी काढायचे हे ठरलेलं आहे.

अडचण यात्रेच्या तारखेची आहे, ती झाकत नाही. पौर्णिमेला बारा दिवस उरलेत आणि काढणाऱ्या बायका कारखान्यावर आहेत. तेव्हा आत्ता एवढंच करू. भिंतीवरचा जुना ऑइलपेंट तासून काढू. कळीचा चुना आणून उद्याच हौदात भिजत घालू, निदान आठ दिवस मुरायला हवा. गिलाव्याला वाळू ओढ्याची नको, धुतलेली बारीक. यात्रेच्या आधी तीन हात चुन्याचे होतील. यंदा दिंड्यांना पांढरी भिंत दिसेल, सरांच्या मापाचा खाली गेरूचा पट्टा, बस्स. कोणी विचारलं तर सांगायचं, काम चालू आहे.

चित्राचं काम गुढीपाडव्यानंतर, माणसं परत आल्यावर. तेव्हा ऊन तापतं आणि चुना झरझर सुकून भुरभुरतो, म्हणून सकाळी सहा ते दहा एवढंच काम. रोज पाच फूट नवा हात, त्यावर ओली पोती झाकायची, संध्याकाळी पुन्हा पाणी मारायचं. पाणी मारायला पाळीपाळीनं दोघं लागतील. ज्यांची घरं गावातच आहेत त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावं. पोती बाजार समितीतल्या आपल्या मित्राकडे आहेत, तो फुकट देतो म्हणालाय, पण परत हवीत.